वल्लरीच्या रागाचा बावटा

"मॅडम, पाळी वेळेवर येत नसेल आणि राग मात्र वेळेवर येत असेल, तर दोघांची अदलाबदल करून मिळते का?"

सभागृहात अशी शांतता पसरली की शाळेमागच्या वाडीत पडलेला नारळ सगळ्यांना ऐकू आला. नववीच्या मुलींसाठी आरोग्याचं व्याख्यान होतं. अलिबागहून आलेल्या डॉ. क्रांती राऊत तासभर बोलल्या आणि शेवटी त्यांनी विचारलं, "कुणाला काही शंका?" त्याबरोबर साठ-सत्तर मुलींना आपापल्या चपलांमध्ये एकदम रस निर्माण झाला. तेवढ्यात राहीने डावीकडून आणि मृणालीने उजवीकडून वल्लरीला कोपर मारलं. पैजच होती तशी. हा प्रश्न उभं राहून, माइकवर विचारला, तर अलिबागला मोठा फालुदा, वर आइस्क्रीमचे दोन गोळे.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला. "प्रश्न कुणाचा, मैत्रिणीचा?"

"नाही मॅडम, माझाच. पैज फक्त मैत्रिणींची."

"किती दिवस झाले?"

"गणपतीच्या आधीपासून."

दिवाळी होऊन गेली होती. डॉक्टर म्हणाल्या, "आईला घेऊन ये."

रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली आणि निदान निघालं पीसीओएस. वल्लरीची आई कुमुद हे चार अक्षरी नाव ऐकून पदर सावरून बसली. बाबा, म्हणजे हरी, खुर्चीच्या कडेवर आले. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. खूप मुलींना असतं, घाबरायचं काही नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही. शरीरातले हार्मोन आणि साखर वर-खाली होतात, त्यांच्याबरोबर मनही वर-खाली होतं. दोन गोळ्या लिहून दिल्या. साखर, मैदा, बेकरीचं कमी करायचं. भात थोडा, नाचणी, ज्वारी, कडधान्यं, मासे, पालेभाज्या भरपूर. उपाशी राहायचं नाही, जागरण करायचं नाही, रोज घाम येईल इतका व्यायाम करायचा. अशा रीतीने प्रश्नाने जिंकलेला फालुदा उत्तराने गेला.

"डॉक्टर, ही रागाची गोळी जेवणाआधी की नंतर?" बाबांनी विचारलं.

"रागाची गोळी नाहीये ती. जेवणानंतर." डॉक्टर म्हणाल्या. "राग माणसाला येतोच. तुम्ही फक्त तिच्या मूडवर जरा लक्ष ठेवा."

पुढचं सगळं रामायण या एका वाक्याने झालं.

कारण लक्ष ठेवणं हा हरीचा आवडता धंदा. नागावला समुद्राला लागून त्यांची नारळ-सुपारीची वाडी, वाडीच्या वरच्या अंगाला घर आणि घराच्या बाजूला पर्यटकांसाठी चार खोल्या. पहाटे उठल्याबरोबर हा माणूस आधी वाऱ्याचा अंदाज बघायचा, मग भरतीची वेळ, मग चहा. अरबी समुद्रात कुठे ढग जमला तर त्याची बातमी वेधशाळेच्या आधी यांच्या ओट्यावर. अशा माणसाला मुलीच्या मूडवर लक्ष ठेवायला सांगितल्यावर तो अंदाज वर्तवायला लागणार नाही तर काय करणार? "आज सकाळी निरभ्र, दुपारनंतर गडगडाट होईलसं वाटतंय," असं ते कुमुदला हळूच सांगायचे आणि वाडीत सटकायचे.

कुमुदने दुसरी आघाडी सांभाळली. "बाहेर कुणाजवळ बोलायचं नाही. उद्या लग्नाच्या वेळेला लोक नाही नाही ते विचारतात."

"आई, मी नववीत आहे."

"म्हणूनच सांगत्ये."

बाहेर सांगितलं गेलं की वल्लरीला पित्त झालंय. त्यामुळे शेजारच्या ठमीकाकी दिवसाआड आमसुलाचं सार पाठवू लागल्या. ते पिऊन घरात ज्याला नव्हतं त्यालाही पित्त होऊ लागलं.

पथ्य मात्र आईने अख्ख्या घराला लावलं. "एकटीला वेगळं कशाला वाढायचं, पोरीला वाईट वाटेल," असं म्हणून साखरेचा डबा तिने पाहुण्यांच्या स्वयंपाकघरात हलवला. वल्लरीला नाचणीची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं सोसलं, नव्हे, आवडलं. ती पहाटे सायकल घेऊन आक्षीच्या पुलापर्यंत जाऊन यायची, गोळ्या न चुकता घ्यायची आणि जानेवारी लागेपर्यंत पाळीसुद्धा एकदा शहाण्यासारखी येऊन गेली. बिनसाखरेच्या चहाने खरी वाट लागली ती बाबांची. ते पंपावर ओरडत, कावळ्यांवर ओरडत, एकदा तर पडलेल्या झावळीवर ओरडले. त्याला कुणी मूड म्हणत नव्हतं. त्याला "बाबा कामात आहेत" म्हणत होते.

वल्लरीचे मूड अगदीच गेले होते असं नाही. एका गुरुवारी भेंडी करपली म्हणून तिला रडू आलं, रडू आलं म्हणून राग आला आणि कशावर रागावलोय हे आठवेना म्हणून हसू आलं. हे तिलाही कळत होतं. पण दुसऱ्या दिवशी बाबांनी तिच्या भूगोलाच्या नकाशात सुपाऱ्या बांधून ठेवल्या, त्यावर ती चिडली, तेव्हाही आईने तोच प्रश्न केला.

"गोळी घेतलीस का?"

"आई, नकाशा फाटलाय माझा."

"हो गं, पण गोळी घेतलीस का?"

"मला राग आला की हार्मोन, आणि बाबांना आला की संस्कार?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने बाबांकडे पाहिलं. बाबा वाडीत गेले.

त्याच संध्याकाळी बावट्याची कल्पना निघाली. बाबांची तक्रार अशी की वाडीतून घरात येताना आतलं हवामान कळत नाही, माणूस बेसावध सापडतो. समुद्राला असतो तसा काहीतरी इशारा पाहिजे. आईने सत्यनारायणाच्या चौरंगावर घालायचं लाल कापड काढलं आणि वल्लरी बिघडली की ते मागच्या दाराला अडकवायचं असं ठरलं. दोन दिवसांनी बाबांनी कळवलं की सुपारीच्या गर्दीतून मागचं दार दिसत नाही. मग कापड आंबे काढायच्या लांब बांबूला बांधून बांबू गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकवायचा असं ठरलं. वल्लरीने ते एक-दोनदा पाहिलं. तिला वाटलं, वाळत घातलंय.

आता यातली गोम अशी. किनाऱ्यावर पोहायला बंदी असली की जीवरक्षक लाल बावटा लावतो. हा जीवरक्षक निकेश. त्याचा खांब दिवाळीतल्या वाऱ्याने मोडला होता आणि नवा कुठे उभारायचा यावर ग्रामसभेत चर्चा झाली होती. तेव्हा हरीनेच उठून सांगितलं होतं, "आमच्या गच्चीवर लावा की. लांबून दिसेल, आमची काही हरकत नाही." मनात हे, की बावट्याबरोबर खोल्यांची पाटीही लांबून दिसेल. ठराव झाला आणि ग्रामपंचायतीच्या रिवाजाप्रमाणे पुढे काही झालं नाही. हरी तो ठराव विसरून गेला होता, पण किनारा विसरला नव्हता.

शनिवारी सकाळी वल्लरीला शाळेच्या सरांचा फोन आला. रविवारी अलिबाग ते काशीद सायकल फेरी होती, तिच्यासाठी ती महिनाभर आक्षीचा पूल झिजवत होती. सर म्हणाले, "काळजी घे हां. बाबांनी नाव काढून घेतलंय तुझं. पित्त वाईटच."

वल्लरी स्वयंपाकघरात आली. आई पाहुण्यांसाठी घावन घालत होती.

"माझं नाव का काढलंत?"

"अगं, बाबा म्हणाले, मध्ये चढ आहे. वाटेत तुला काही झालं, मूड गेला, तर कोण बघणार?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय सायकल चालवायला. पहिल्यांदा मला एखादी गोष्ट नीट जमायला लागल्ये आणि तुम्ही मला न विचारता फोन करून मोकळे?"

"ओरडू नको, पाहुणे आहेत. गोळी घेतलीस का?"

वल्लरीने खोलीत जाऊन दार लावलं. जोरात. इतक्या जोरात की दोन नंबरच्या खोलीतल्या डोंबिवलीच्या पाहुण्यांनी विचारलं, "काय फुटलं का?" आईने घावन तव्यावर सोडलं, गच्चीवर गेली आणि बांबू उभा केला.

आधी बावटा लागला तेव्हा आडवार होते, किनारा रिकामा होता; आज मात्र समोर शनिवारची जत्रा होती. निकेशने वर बघितलं, लाल दिसलं, शिट्टी फुंकली. पाण्यातली माणसं बाहेर निघाली. गणराजच्या बनाना बोटी होत्या, त्याने त्या वाळूवर ओढल्या. का, कशासाठी, हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण लाल म्हणजे लाल. एक-दोन म्हाताऱ्यांना तो पक्षाचाच लाल बावटा समजून आधी निवडणूक लागली असं वाटलं, ते मतदार कार्ड शोधायला घरी गेले. बाकीचे हरीच्या फाटकाकडे निघाले.

वाडीत बाबांनी बावटा पाहिला आणि शहाण्या माणसासारखं घरी न जाता माडाखाली बसले. तिथे गणराजने त्यांना गाठलं.

"हरीशेट, बावटा कशापायी लावलाय?"

बाबांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. खरं सांगावं तर कुमुदची शपथ होती. त्यांना जे पहिलं सुचलं ते बोलले. "ते... जेलीफिश."

"कुठं हाय?"

"खोल. खोल पाण्यात आहेत."

दहा मिनिटांत जेलीफिश उथळ पाण्यात आले. आणखी दहा मिनिटांत ते चावूही लागले. बूट लागून पायाला फोड आलेल्या एका गृहस्थांना चार जणांनी उचलून भेळवाल्याच्या बाकावर निजवलं आणि त्यांच्या पायावर कुणी व्हिनेगर, कुणी लिंबू, तर एकाने शेवपुरीची चटणी चोळली. डोंबिवलीच्या पाहुण्यांनी बॅगा भरल्या. थळहून आईचे चुलतभाऊ दादूमामा यांचा फोन आला.

"भावोजी, नागावात बावटा लागला म्हणं. वादळ हाय का? होड्या वर घेऊ?"

"वादळ नाही दादू, जेलीफिश."

"मंग जाळी टाकू का न्हाय?"

"टाका. नको. थांबा."

थळच्या लोकांनी यातलं फक्त "थांबा" ऐकलं आणि होड्या थांबवल्या.

इकडे वल्लरी पलंगावर पालथी पडून उशीला आपली बाजू समजावून सांगत होती. राहीचा फोन आला.

"वल्लू, उद्याची फेरी रद्द होत्ये बहुतेक. किनाऱ्याकिनाऱ्याने जायचंय ना. सर म्हणतात, दुपारपर्यंत बावटा उतरला नाही तर रद्दच."

"कसला बावटा?"

"आम्हाला काय विचारतेस? तुमच्याच गच्चीवर आहे."

वल्लरी गच्चीवर गेली. बांबूच्या टोकाला सत्यनारायणाचं कापड झोकात फडफडत होतं. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. नकाशाच्या दिवशी नाही, पण त्यानंतर गणिताच्या पेपरच्या दिवशी हे इथे होतं. सोमवारी ती आणि आई भांडल्या, तेव्हाही होतं. आणि हे वर गेलं की बाबा वाडीतून घरात येत नव्हते. सगळा हिशेब जुळला. मागे आई येऊन उभी राहिली होती, हातात उलथनं.

"हे माझ्यासाठी आहे?"

"तुझ्यासाठीच गं. तुला त्रास नको म्हणून."

"मला त्रास नको म्हणून बाबा पळून जातात?"

आईने उलथनं पदराला पुसलं. वल्लरीला राग आला. चांगला, टपोरा, पिकलेला राग आला. तिने तो सगळ्या बाजूंनी तपासून पाहिला. गोळी घेतली होती, नाश्ता झाला होता, झोप झाली होती. हा राग हार्मोनचा नव्हता. हा तिचा स्वतःचा होता. आणि तेवढ्यात खालून आवाज आला, "जेलीफिशवर सोलकढी चालते का हो?" तिला हसूही आलं. तेही तिचं स्वतःचंच होतं.

तिने गच्चीच्या कठड्यावरून खाली पाहिलं. फाटकाशी चाळीसएक माणसं. निकेश फोन हातात घेऊन बाबांना सांगत होता, "काका, मला वर कळवावं लागंल. तहसीलला कळवलं की तीन दिवस किनारा बंद. बोला, कळवू का?" गणराज डोक्याला हात लावून बसला होता. डोंबिवलीच्या आजोबांनी बॅग रिक्षात ठेवली होती. बाबा माडासारखे उभे होते, नुसते हलत होते.

"आई, मी खाली जाऊन खरं सांगणार आहे."

"वल्लरी, अगं, लोक काय म्हणतील?"

"सध्या जेलीफिश म्हणतायत. त्याहून वाईट काय म्हणतील?"

ती जिना उतरून फाटकाशी आली. सभागृहात निदान माइक होता आणि फालुदा होता. इथे काहीच नव्हतं. तिने घसा साफ केला.

"निकेशदादा, फोन करू नको. जेलीफिश नाहीत. वादळ नाही. तो बावटा माझा आहे."

"तुझा म्हंजे?"

"मला पीसीओएस आहे. पित्त नाही. हार्मोन वर-खाली होतात म्हणून कधीकधी मूड बिघडतो. मी गोळ्या घेत्ये, पथ्य करत्ये, बरं वाटतंय. पण मी चिडले की बाबांना लांबून कळावं म्हणून आई तो बावटा लावते."

गणराजने एकदा वल्लरीकडे पाहिलं, एकदा वर फडफडणाऱ्या कापडाकडे, मग समुद्राकडे.

"म्हंजे दर्यात काय न्हाय?"

"काही नाही."

"मंग बोटी सोडू?"

"सोडा."

"आरं चला रं," गणराज पोरांना म्हणाला आणि निघाला. चार पावलं जाऊन परत आला. वल्लरी मनाशी तयार झाली. आता बोलणार काहीतरी. गणराज गंभीरपणे म्हणाला, "ताय, राग येवदे, त्याचं काय न्हाय. पर पुढच्या टायमाला लाल नको लावूस. निळा लाव. निळ्याला आमचा काय नेम न्हाय."

निकेशने फोन खिशात ठेवला. "पण काका, दिसतो मात्र झकास. पार आक्षीपासून. खांब इथंच घालू." बाबा म्हणाले, "घाला," कारण त्यांना दुसरा शब्द आठवत नव्हता.

ठमीकाकी पुढे झाल्या. त्यांच्या हातात साराची बरणी होती, ती त्यांनी दुसऱ्या हातात घेतली. "कुमुद, म्हणजे आमच्या सुनेला आहे तेच की गं हे. आम्ही थायरॉइड सांगतो." मागून एक बाई म्हणाल्या, "आमच्याकडे अशक्तपणा सांगतात." डोंबिवलीच्या आजी रिक्षातून खाली उतरल्या. "आमची नात बारीक व्हायला जिमला जाते, असं सांगतो आम्ही. डॉक्टर कुठल्या म्हणालात?" बघता बघता फाटकाशी पुरुष उरले नाहीत आणि बायका हलेनात. वल्लरीने पाच जणींना डॉ. क्रांती राऊतांचा नंबर दिला आणि सहावीला नाचणीच्या भाकरीला पाणी किती गरम लागतं ते सांगितलं.

मृणालीचा निरोप आला. फेरी होणार. वल्लरीने लगेच सरांना फोन लावला, आणि या वेळी काय झालंय ते पित्ताशिवाय सांगितलं. सर म्हणाले, "माझी बायको पण याच गोळ्या घेते गं. ये तू उद्या."

दुपार झाली. जेलीफिश नाहीत म्हटल्यावर डोंबिवलीकरांना भूक लागली. गेलेले पाहुणे परतले, परतलेल्यांनी आणखी पाहुणे आणले. आई सकाळपासून उभीच होती. घावन करपलं होतं, सुरमई संपत आली होती, आणि बाबा ओट्यावर बसून लोकांना खांबाचं महत्त्व सांगत होते. मध्येच त्यांनी आत डोकावून विचारलं, "कुमुद, चहा होईल का गं? साखर घालून. आज डोकं उठलंय माझं."

आईने पातेलं शेगडीवर ठेवलं. ठेवलं म्हणजे काय, आपटलंच.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"अगं पण..."

"काही नाही म्हटलं ना."

वल्लरी दाराशी उभी होती. हे "काही नाही" तिने लहानपणापासून ऐकलं होतं. रोजच्या जेवणातल्या मिठासारखं ते घरात होतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नव्हतं. या "काही नाही"साठी कुणी कधी बांबू उभा केला नव्हता, कुणी गोळी विचारली नव्हती, कुणी दोन पावलं मागे सरलं नव्हतं. ती खोलीत गेली, आपली निळी ओढणी घेऊन आली आणि आईच्या खांद्यावर टाकली. आईने ओढणीकडे पाहिलं, वल्लरीकडे पाहिलं आणि हातातली पळी हळूच खाली ठेवली. बाबांनी तोंड उघडलं.

"बाबा, थांबा. आई, तूपण ऐक. मी ठरवलंय. उद्या मी काशीदला जात्ये, सरांना सांगून झालंय. डबा माझा मी भरीन, गोळी दप्तरात असेल, आणि वाटेत राग आला तर चढावर वापरीन. दुसरं, या घरात आजपासून बावटा निळा. आणि ज्याचा राग त्यानेच स्वतः लावायचा, दुसऱ्याने नाही. आज आईचा नंबर आहे; ओढणी मी दिल्ये, लावायची की नाही ते ती ठरवेल. पाहुण्यांना मी वाढते. बाबा, तुम्ही चहा तुमचा करून घ्या आणि वाडीत जाऊन बसा. आईच्या रागाला ओहोटी लागली की मी हाक मारीन."